आधी रान विचारतो, मग वाण सांगतो : आमची वाटचाल

वडिलांचा मूळ धंदा कडब्याचा. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या पट्ट्यात रब्बी ज्वारी निघाली की ते पेंढ्या बघत रानोरान फिरायचे. पाऊस तोच, पेरणी एकाच हस्त नक्षत्रातली, बीही तेच घरच्या मालदांडी वाणाचं. तरी ओढ्याकाठच्या काळ्या रानात कणीस मुठीत मावत नसे आणि वरच्या माळावर ज्वारी पोटरीतच, म्हणजे कणीस पानाच्या आवरणातून बाहेर न पडता, अडकलेली असे. "या रानाला ओल संपायच्या आत पिकणारं बी पाहिजे," एवढंच वडील म्हणायचे. आमची फर्म बियाण्यात उतरली ती याच कामासाठी. आजही आम्ही आधी रान विचारतो, मग वाण सांगतो.

सुरुवातीला आम्ही दुसऱ्यांसाठी बीजोत्पादन केलं आणि ज्वारी आम्हाला कळली ती तिथेच. ज्वारी बरीचशी स्वपरागी, तरी वाऱ्याबरोबर शेजारच्या रानातले परागकण येतातच. म्हणून दुसऱ्या ज्वारीपासून विलगीकरणाचं अंतर सोडावं लागतं आणि जवळपास जॉन्सन गवत, म्हणजे ज्वारीच्याच जातकुळीतलं तण, असेल तर ते 400 मीटरपर्यंत जातं. पण खरं काम भेसळ काढण्याचं. ऊन चढायच्या आत ओळी धरून चालायचं. पानाची शीर, ताटाची उंची, फुलोऱ्याचा दिवस, पुढे कणसाचा आकार आणि दाण्यावरच्या तुसाचा रंग, सगळं डोळ्यात ठेवायचं. वेगळं ताट दिसलं की विळ्याने कापायचं नाही, मुळासकट उपटायचं; कापलेलं ताट बुडातून पुन्हा फुटतं आणि मागाहून फुलून सगळ्या प्लॉटची शुद्धता घालवतं. हे काम आमच्याकडे आजही घरचीच माणसं करतात. ते मजुरीवर सोडावं असं मला वाटत नाही.

स्वतःच्या नावाने पिशवी काढायला लागलो तेव्हा काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरला: "दादा, पहार मारली तर मुरूम कितीवर लागतो?" रब्बी ज्वारी बहुतेक जमिनीत साठलेल्या ओलीवर येते आणि ओल किती साठणार हे मातीच्या खोलीवर ठरतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खोलीप्रमाणे वाण दिले आहेत, त्याचं मोल मला फार मोठं वाटतं. फूटभरावर मुरूम लागत असेल तर फुले अनुराधा: 105 ते 110 दिवसांत हातात येते, ओल तुटायच्या आत दाणा भरते. फूट ते दोन फूट माती असेल तर फुले सुचित्रा, फुले चित्रा, परभणी मोती, किंवा आपली मालदांडी 35-1. दोन फुटांच्या वर काळी, ओल धरणारी जमीन असेल तर फुले वसुधा, फुले यशोदा, सीएसव्ही 22. पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. बरेच जण शेजाऱ्याच्या भारी रानातलं वसुधाचं कणीस बघून तेच मागायला येतात. रान हलकं असेल तर आम्ही ती पिशवी काढून देत नाही, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

मालदांडीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. स्थानिक मालदांडीतून निवड करून मोहोळच्या केंद्रावर ही 35-1 तयार झाली, 1930 च्या दशकात. इतकी वर्षं ती टिकली यामागे दाण्याची चमक आहे, भाकरीची चव आहे, आणि कडबा आहे. जनावर असलेल्या घरात कडबा म्हणजे अर्धं पीक. नवा वाण आणताना आम्ही दाण्याबरोबर कडब्याचंही वजन करतो, कारण शेतकरी दोन्ही मोजतो.

इथेच संकरित ज्वारीचा प्रश्न येतो. देशातली पहिली संकरित ज्वारी सीएसएच 1, 1964 ची. खरिपात संकरित वाणांनी उत्पादन किती वाढवलं हे ज्यांनी सीएसएच 9 पेरली त्यांना सांगायला नको. पण लवकर पिकणारं, घट्ट कणसाचं पीक परतीच्या पावसात सापडलं की दाण्यावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो आणि बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून खरिपासाठी आम्ही पहिल्यांदा पाऊस कधी उघडतो ते विचारतो, आणि बुरशीला तग धरणाऱ्या सीएसएच 16 किंवा परभणी श्वेता यांच्याकडे बोट दाखवतो. मालदांडी मात्र खरिपात पेरू नये. दिवस मोठा असताना ती नुसती उंच वाढत जाते.

रब्बीत संकरितची गोष्ट वेगळी आहे. सीएसएच 15 आणि सीएसएच 19 भारी, ओलिताच्या रानात चालतात. कोरडवाहू रानात माझा कल सुधारित वाणाकडेच असतो. कडाक्याच्या थंडीत काही संकरितांच्या कणसात दाणे नीट धरत नाहीत. शिवाय दाणा भरताना ओल तुटली की खडखड्या हा खोडाचा बुरशीरोग येतो: वरून ताट उभं दिसतं, पण बुडाशी चिरलं की आतला गाभा विस्कटलेला, धाग्यांवर काळी भुकटी, एका वाऱ्यात रान आडवं. भरघोस दाणा भरणारं पीक खोडातला साठा ओढून घेतं, त्यामुळे हलक्या रानात हा धोका जास्त. आणि संकरितचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं, सुधारित वाणाची चांगली कणसं निवडून बी धरता येतं. त्यामुळे आमची विक्री कमी होते हे खरं आहे, तरी आम्ही हे प्रत्येकाला सांगतो.

वाण बरोबर निवडला तरी पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळाच्या पुढे ढकलली की खोडमाशी गाठते, पोंगे म्हणजे मधली कोवळी पानं मरतात. हलक्या रानाने आधी पेरावं, भारी रानात थोडं थांबून वापसा बघावा. बियाण्याला किलोला 4 ग्रॅम 300 मेश (अगदी बारीक) गंधक चोळलं की काणी या बुरशीरोगाची काळजी मिटते. आणि आठव्या आठवड्यातली कोळपणी, म्हणजे ओळींमधली उथळ मशागत, टाळू नये, काळ्या रानाच्या भेगा तिनेच बुजतात.

चाऱ्याच्या ज्वारीत आम्ही हळूहळू शिरतो आहोत. इथे एक कापणी की अनेक कापण्या, यावर वाण ठरतो. पाण्याच्या ताणावरची कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे कोवळे फुटवे जनावराला घालू नयेत, त्यात विष असतं आणि किराळ लागून जनावर दगावतं. फुलोऱ्यात आल्यावरच कापा, हे प्रत्येक चारा-पिशवीबरोबर सांगतो. हुरड्यासाठी फुले मधुर आणि लाह्यांसाठी फुले पंचमी असे वेगळे वाण आहेत. त्यांची मागणी वाढते आहे आणि त्यांचे छोटे प्लॉट आम्ही धरले आहेत.

यंदापासून पिशवीच्या पाठीवर वाणाच्या नावाशेजारी जमिनीची खोली, पिकाचे दिवस आणि पेरणीचा काळ मोठ्या अक्षरात छापला आहे. प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी शिवलेली असते ती फाडून टाकू नका, पावतीबरोबर आणि मूठभर बियाण्यासह हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवणीची तक्रार आली तर पहिल्यांदा तेच मागतात.