गाण्यापेक्षा लांब यादी

रेडिओवरचा फर्माइशींचा कार्यक्रम ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाणं साडेतीन मिनिटांचं आणि ते ज्यांना ऐकायचंय त्यांची यादी पाच मिनिटांची. विट्याहून सुनीता, अनिता, पिंटू आणि समस्त मित्रमंडळ. जतहून आई, बाबा, आजी, आत्या आणि छोटा बंटी. बंटी बहुधा पाळण्यात असायचा, त्याची आवडनिवड कुणी विचारली होती कोण जाणे! यादी संपायची, गाणं लागायचं, आणि दुसऱ्या कडव्याला निवेदिका आवाज हलकेच खाली आणायची, कारण बातम्यांची वेळ झालेली असायची. गाणं कापलं म्हणून कुणी कुरकुरल्याचं मला आठवत नाही. नाव राहिलं म्हणून मात्र शेजारच्या वहिनी आठवडाभर फुरंगटून होत्या.

रेडिओचं पुढे काय होणार, असा विषय निघाला की मला ती यादी आठवते. बाकीचे लोक गाण्यांबद्दल बोलत असतात. गाणी आता खिशात आहेत, हवं ते, हवं तेव्हा; मग रेडिओ कोण लावणार, असा एकूण सूर. गाण्यांपुरतं ते खरंच आहे. तिथे फोन जिंकलाय, वाद घालण्यात अर्थ नाही.

तरीही सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे केशकर्तनालय आहे, तिथल्या फळीवर अजून ट्रान्झिस्टर वाजतो. सेलचं झाकण केव्हाच हरवलंय, सेल जागेवर राहावेत म्हणून दोन रबरबँड लावलेत. एरियलचं टोक मोडलंय, तिथे तांब्याची तार गुंडाळून ती खिळ्याला अडकवलीय. मालकांच्या पोरानं दिवाळीला ब्लूटूथ स्पीकर आणून दिला, तो आता फक्त गणपतीत बाहेर निघतो. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “मोबाईलवर दर दोन गाण्यांनी हात लावाय लागतोय. आन् माझे हात फेसात.” रेडिओच्या भवितव्यावर मी बरंच वाचलंय, पण इतकं व्यवहारी उत्तर कुठे सापडलं नाही.

फोनमध्येही रेडिओ होता, हे आपण विसरूनच गेलो. साध्या बटणांच्या फोनमध्ये एफएम असायचं, आणि त्याला इअरफोन लावल्याशिवाय स्टेशन लागत नसे, कारण ती वायरच एरियलचं काम करायची. एसटीत खिडकीशी बसलेली पोरं वायरचं टोक बाहेरच्या बाजूला धरून बसायची. पुढे महागड्या फोनमधून इअरफोनचं भोकच गेलं, आणि त्याच्यासोबत फुकटातला रेडिओही गेला. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने कंपन्यांना सांगितलंही, की फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नका, आपत्तीच्या वेळी तीच कामाला येते. सांगलीकराला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णा इथल्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली, तेव्हा निम्म्या शहरात वीज नव्हती आणि फोन माना टाकत होते. त्या दिवसांत इथल्या माणसाला जगातला एकच आकडा हवा असतो : आयर्विनला किती फूट? दिल्लीच्या चॅनेलला आयर्विन कुठे आहे हे माहीत नसतं, आणि असायचं कारणही नाही.

खासगी एफएम आपल्याकडे २००१ पासून सुरू झालं, आधी बंगळूरला. पुढच्या काही वर्षांत मध्यम गावांपर्यंत आलं तेव्हा कोण आनंद झाला होता! आपल्या गावाचं स्टेशन, आपल्यासारखं बोलणारी पोरं. काही वर्षं खरंच मजा आली. मग हळूहळू सगळीकडे तीच तीस-चाळीस हिंदी गाणी फिरू लागली, आणि धोरणानेच नेटवर्किंगला मोकळीक दिल्यावर एका शहरात तयार झालेला कार्यक्रम दहा शहरांत वाजवणं सोयीचं झालं. परवडत नाही हो, असं त्या धंद्यातला माणूस सांगतो, आणि तो खोटं बोलत नाही. लायसन्सचं शुल्क, गाण्यांचे हक्क, वीज, टॉवरचं भाडं, आणि जाहिरातदार तर इंटरनेटकडे पळालेला. पण त्यातून गंमत अशी झालीय, की कित्येक ठिकाणी स्थानिक स्टेशनवर स्थानिक अशा फक्त जाहिराती उरल्यात. साड्यांचं दुकान, दूध डेअरी, अकरावीचे क्लासेस, आषाढ सेल. मी तर जाहिराती लागल्या की आवाज वाढवतो. निदान मारुती रोडचं नाव तरी कानावर पडतं.

आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांची तऱ्हा निराळी. सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर, ते पाठ आहे. तिथे सगळंच सावकाश चालायचं, मधूनच खरखर, मधूनच ‘व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’. पण ऑडिशनला गावोगावची माणसं यायची. भजनी मंडळ, शाहीर, शाळेतल्या संगीताच्या बाई. पास झालं की वर्षातून काही कार्यक्रम, त्याचा छोटासा चेक, आणि आयुष्यभराची पाटी. गायन-वादन क्लासच्या बोर्डावर, कीर्तनाच्या हँडबिलावर अजून बघा, ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त कलावंत’ असं लिहिलेलं असतं. एखाद्या ॲपचा मान्यताप्राप्त कलावंत, अशी पाटी मी अजून पाहिली नाही. ॲपवर कुणीही गाणं चढवू शकतो. ‘नाही, अजून सहा महिने रियाज करून या’ म्हणणारं तिथे कुणी नाही.

आणि ही केंद्रं नुसती वाजवत नव्हती, घडवतही होती. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. दोन वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, १ एप्रिल १९५५ पासून, तिथून दर आठवड्याला ‘गीतरामायणा’तलं एकेक गीत प्रसारित होऊ लागलं. माडगूळकर लिहीत होते, सुधीर फडके चाल लावत होते, पुढचं गीत अजून कागदावर यायचं असायचं. वर्षभरात ५६ गीतं झाली. आज एखाद्या केंद्रावर वर्षभराची अशी जोखीम घ्यायची कुणाची प्राज्ञा आहे? आज सहक्षेपण असतं, म्हणजे मोठ्या केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा पुढे वाजवायचा, ते जास्त सुरक्षित.

मग सगळं मुंबई-दिल्लीहूनच येणार असेल तर निवेदक तरी कशाला, असं कुणाला वाटणारच. पोलंडमध्ये तसं झालंही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये क्राकूवच्या एका रेडिओने माणसांच्या जागी संगणकाने तयार केलेले निवेदक बसवले, वर शिंबोर्स्का या नोबेलविजेत्या कवयित्रीची ‘मुलाखत’ घेतली, तिला जाऊन बारा वर्षं झाली असताना. श्रोते इतके भडकले, की आठवड्याभरात तो प्रयोग गुंडाळावा लागला. आपल्याकडे संगणक ‘कवठेमहांकाळ’ कसं उच्चारेल, हे ऐकायला मात्र मला आवडेल. एकदाच.

उलट टोकाला म्हसवड आहे. माण तालुक्यातलं, दुष्काळाचं गाव. तिथे २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी चालते, ९०.४ वर. अशा सामुदायिक रेडिओची ताकद शंभर वॅटची, आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जातो. नियमच आहे, की निम्मा तरी मजकूर तिथलाच हवा. मला वाटतं, जगायचंच असेल तर मोठ्या स्टेशनांनीही असंच आकसून घ्यावं. दहा शहरांत एक आवाज पोचवण्याच्या नादात कुठल्याच शहराचा आवाज उरत नाही, आणि त्या खेळात फोनपुढे टिकाव लागणारही नाही. इतक्या लहान टापूत बोलायचं, की ऐकणारा म्हणेल, अरे, ही तर आपल्या वाडीतली काकू!

२०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्यात आपल्याकडचं लातूरही आहे. बोली लावणारा आधी दुकानं मोजेल, क्लासेस मोजेल, लातूरला ते ढिगाने आहेत. मोजू दे, त्यालाही पोट आहे. पण माईकपुढे बसवेल त्या पोराला शिरूर ताजबंद वेगळं आणि शिरूर अनंतपाळ वेगळं, एवढं तरी ठाऊक असावं. एकाची फर्माईश दुसऱ्याच्या नावावर वाचली गेली, तर दोन्हीकडून फोन येतील. त्याने ते उचलावेत, नावं नीट लिहून घ्यावीत आणि दुसऱ्या दिवशी परत वाचावीत, गाणं निम्मं कापावं लागलं तरी बेहत्तर.