ज्यांनी कागद केला, त्यांची कागदपत्रे

मुठा आणि नागझरी यांच्या मधल्या बेचक्यात पुण्याची कसबा पेठ वसली आहे. तिच्या आळ्यांची नावे एकामागून एक घेतली की जुन्या धंद्यांची यादीच तयार होते: कुंभारवाडा, बुरूड आळी, तांबट आळी, फणी आळी आणि कागदीपुरा. यांपैकी कुंभारांना आणि कागद्यांना नदीवाचून गत्यंतर नव्हते. कुंभाराला माती आणि पाणी हवे, कागद्याला लगदा धुण्यासाठी वाहता प्रवाह हवा, आणि धूर, चुनकळीचे पाणी, कुजलेल्या तागाचा वास हे सारे गावाच्या तोंडावर न येता परस्पर खाली निघून जाईल अशी उताराची जागा दोघांनाही हवी. प्रतिष्ठित वस्ती वरच्या अंगाला आणि ओल्या, धुरकट धंद्यांची माणसे काठाला, ही मांडणी त्यातूनच आली असावी.

माझ्या नानीचे माहेर कागदीपुऱ्यातले. घरी आम्ही दखनी बोलत असलो तरी आमचे शिक्षण आणि सगळा लेखी व्यवहार मराठीतच झाला, त्यामुळे तिच्या माहेरच्या कागद करणाऱ्या घराण्याच्या शोधाच्या नोंदीही मी मराठीतच ठेवत आले. नानीचे पूर्वज जुन्नरहून पेशवाईत पुण्यात आले, असे तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत. जुन्नर हे दख्खनमधल्या हातकागदाचे जुने आणि नावाजलेले ठिकाण. पेशव्यांच्या पुण्यात फडावर म्हणजे सरकारी कचेरीत, कोठ्यांत आणि सावकारांच्या पेढ्यांवर रोज लिहिले जाणारे कागद लक्षात घेतले, तर कारागिरांनी मागणीच्या मागोमाग राजधानीत यावे, यात नवल वाटत नाही.

हे काम कसे चाले याचे वर्णन मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या खंडात, वाचायला मिळते. त्या पानांवर एक बोट आणि नानीने सांगितलेल्या गोष्टींच्या वहीवर दुसरे ठेवून मी वाचत असे. कच्चा माल म्हणजे जुनी गोणपाटे. ती कापायची, चुन्याच्या पाण्यात मुरवायची, पायाने चालवायच्या ढेंकीखाली कुटायची, नदीवर नेऊन धुवायची आणि पुन्हा चुना लावून कुटायची, असे लगदा मऊ होईपर्यंत चाले. मग तो लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा आणि काठावर बसलेल्या कारागिराने बारीक काड्यांची छापरी पाण्यात बुडवून सारख्या जाडीचा थर अलगद वर उचलायचा. ओले ताव एकावर एक रचून दाबायचे, चुन्याने गुळगुळीत केलेल्या भिंतींना कुंचल्याने चिकटवून वाळवायचे, नंतर खळ लावून पुन्हा वाळवायचे आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटाई झाली नाही तर बोरूची शाई फुटते. त्यामुळे कागद लिहिण्याजोगा होतो तो या शेवटच्या टप्प्यावर.

गॅझेटियर वाचून कृती समजते. नानीच्या सांगण्यात मात्र प्रत्येक कृतीला माणूस असे. छापरीवर बसण्याचा मान तिच्या आजोबांचा. ढेंकीवर दोन पुतणे. भिंतीला ताव लावणे आणि घोटणे हे बायकांकडे, आणि पावसाळ्यात भिंती ओल धरत म्हणून त्या चार महिन्यांत घरात रोख पैसा जवळपास नसेच. चुन्याने तळवे सोलवटत, म्हणून मुलींचे हात पाहून घर ओळखता येते असे तिची आई म्हणत असे. नानीने स्वतः हे काम चालताना पाहिले नव्हते. तिच्या लहानपणी अंगणातला हौद होता, पण त्यात कोळसे साठवत.

या सगळ्याला लेखी आधार शोधू लागल्यावर जे दिसले ते थोडे विचित्र होते. गावभरच्या वतनांचे, वंशावळींचे आणि कर्जांचे कागद ज्यांनी तयार केले, त्यांच्या स्वतःबद्दल कागदावर फारच थोडे आहे. सनदा आणि इनामे ज्यांना मिळाली त्यांची दफ्तरे झाली. रोजच्या मालावर पोट असणाऱ्यांची झाली नाहीत. मिळकत पत्रिकेवर धारकाचे नाव, क्षेत्र आणि वारस नोंदी असतात, पण त्या धारकाने आयुष्यभर काय केले याला तिथे रकाना नाही. आडनाव म्हणून ‘कागदी’ दिसते खरे, पण तेवढ्यावर विसंबण्यात अर्थ नाही. धंदा सुटल्यावरही आडनाव राहते.

धंदा सापडला तो एका जुन्या खरेदीखतात, आणि तोही नानीच्या घराच्या नव्हे, शेजारच्या घराच्या. विकत घेतलेल्या जागेच्या चतुःसीमा लिहिताना लेखनिकाने एका बाजूला आमच्या घराचा उल्लेख ‘कागदाचा हौद व भिंत’ असा केला आहे. घरमालकाचे नाव त्याने पुढे घातले आहे, पण सीमा ठरवताना त्याला हौदच जास्त भरवशाचा वाटलेला दिसतो. जुन्या वस्तीतल्या कारागीर घराण्यांचा शोध घेणाऱ्या कोणालाही मी आता हेच सुचवते की आपल्या घराचे दस्त पाहून झाले की शेजाऱ्यांचे पाहावेत आणि त्यांत चतुःसीमा सोडून पुढे जाऊ नये. भट्टी, घाणा, हौद, गिरणी, वखार या गोष्टी तिथे हमखास डोकावतात, कारण त्या सर्वांच्या डोळ्यांसमोर असत आणि हलवता येत नसत.

दुसरा पुरावा म्हणजे खुद्द कागद. एका परिचित घराण्याकडे मोडी लिपीतले जुने हिशेब आहेत. इतर पाहणारे त्यावरचा मजकूर लावत बसतात, मी मात्र ताव उजेडासमोर धरते. छापरीच्या काड्यांच्या बारीक समांतर रेषा आणि त्या काड्या बांधणाऱ्या दोऱ्यांच्या आडव्या खुणा त्यात दिसतात. विलायती कागदावर असते तसे जलचिन्ह नाही. मधूनमधून तागाचा न कुटला गेलेला धागा तसाच राहिलेला आहे, एका अंगाला घोटाईची चमक आहे आणि काही तावांवर भिंतीवर फिरवलेल्या कुंचल्याचे ओरखडेही उमटले आहेत. हा कागद पुण्याचा की जुन्नरचा, हे अशा खुणांवरून ठरवता येत नाही आणि ठरवण्याचा मोहही मी टाळते. पण ही कामे कोणत्या हातांनी केली असतील हे मला घरातून ठाऊक आहे, आणि ते मजकुरात कुठेही लिहिलेले नाही.

हा धंदा कोणा एकामुळे बुडाला नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. १८६३ मध्ये भोर घाटातला लोहमार्ग पूर्ण झाल्यावर मुंबई बंदरात उतरलेला यंत्राचा कागद थेट पुण्यात येऊ लागला. हिंदुस्थानातल्या अनेक तुरुंगांत कैद्यांकडून कागद करून घेतला जाई. बिनमजुरीच्या त्या मालाशी घरच्या ढेंकीने स्पर्धा करायची होती. पुढे याच नदीवर, मुठा मुळेला मिळाल्यानंतरच्या प्रवाहाकाठी मुंढव्याला, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कागदाची गिरणी उभी राहिली. हातकागदाला मग वह्या, पाकिटे आणि औषधांच्या पुड्या एवढेच गिऱ्हाईक उरले. घरातले तरुण छापखान्यांत आणि बुकबाइंडिंगच्या दुकानांत गेले. माझ्या मते ही पडझड नसून शहाणपणाने धरलेली वाट होती. कागदाची जाण त्यांना तिथे उपयोगी पडली.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम सुरू झाल्यावर हातकागदाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली आणि १९४० मध्ये के. बी. जोशी यांनी पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था काढली. कागदीपुऱ्यापासून हे ठिकाण फक्त नदीपलीकडे आहे. संस्थेचे काम मोलाचे आहे आणि तिच्या कागदाचा मला अभिमानही वाटतो, पण आमच्या घरातून तिथे कोणी गेले नाही. तोपर्यंत छापरीवर बसणारी पिढी संपली होती आणि पुढच्यांना चुन्यात हात घालण्याची हौस नव्हती. तांबट आळीचे नशीब थोडे वेगळे ठरले: स्टील आणि प्लॅस्टिकने बंब-घंगाळी हटवली तरी काही घरांत हातोडी चालू राहिली, म्हणून अलीकडे तांब्याच्या मठारकामाला, म्हणजे हातोडीने ठोकून केलेल्या घडाईला, नवी मागणी आली तेव्हा ते करणारी माणसे जागेवर होती.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले आणि मुठेचे पाणी काठच्या पेठांत शिरले. नानीच्या माहेरचे घर त्यात पडले. वाळवणीच्या त्या चुनेगच्ची भिंती, कोळशाचा हौद, आणि ट्रंकेतली असतील नसतील ती कागदपत्रे सगळे एकाच दिवशी गेले. नंतरच्या मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे आहेत आणि काही वर्षांनी जागा विकल्याची नोंद आहे. सध्या तिथे जी इमारत उभी आहे तिचे पार्किंग जवळपास हौदाच्या जागेवर येते, असे चतुःसीमा जुळवून पाहिल्यावर दिसते.

आता जुन्नरकडचे काम बाकी आहे. तिथल्या एका जुन्या शाळेच्या दाखल रजिस्टरात पालकाच्या धंद्याचा रकाना आहे आणि नानीच्या चुलत घराण्यातल्या मुलांपुढे तो भरलेला आहे: आधी ‘कागद करणे’, नंतरच्या पिढीपुढे ‘मजुरी’, आणि त्यानंतर ‘भाजी विक्री’. या मुलांच्या बहिणींच्या नोंदी मुलींच्या शाळेत असणार. ते रजिस्टर पाहण्यासाठी मी अर्ज केला आहे.