कणकुंबीचा पाऊस, अथणीचा पाऊस आणि सुटलेला रफार

पर्जन्यमापकाच्या नोंदींचा आलेख मराठीत काढून नेटवर टाकायचा असेल, तर सॉफ्टवेअर पसंत करण्याआधी एक चाचणी घ्या. उभ्या अक्षाला ‘पर्जन्यमान (मिलिमीटर)’ असं नाव द्या आणि चित्र साठवून उघडा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब इथेच अडतं. ३.१० पर्यंतच्या आवृत्त्या अक्षरांची जुळणी, म्हणजे वेलांटी-रफार-जोडाक्षरं जागच्या जागी बसवणं, करतच नाहीत. म्हणून ‘मि’ची वेलांटी म-च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘र्ज’चा रफार सुटून पाय मोडलेला र उरतो. फाँट बदलून हे सुटत नाही. फाँट चांगलाच असतो, तो वापरून जुळणी करणारा भाग प्रोग्रॅममध्ये नसतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आलेखावर मराठीच्या जोडीला कन्नडही लागतं, आणि कन्नड ओत्ताक्षरंही (खाली जोडली जाणारी जोडाक्षरं) तशीच फुटतात.

मॅटप्लॉटलिबच वापरायचं असेल तर चित्र एसव्हीजीत (ठिपक्यांऐवजी रेघा आणि मजकूर साठवणाऱ्या प्रकारात) काढा आणि त्याची फाँटटाइप ही सेटिंग ‘नन’ ठेवा. सेटिंग न बदलता ते अक्षरांचे आकार करून टाकतं, म्हणजे मोडकी वेलांटी कायमची गोठते. ‘नन’ दिलं की मजकूर मजकूरच राहतो आणि जुळणी वाचणाऱ्याचा ब्राउझर करतो. फाँटच्या यादीत नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड दोन्ही घाला. समोरच्या मोबाइलवर फाँट वेगळा निघाला तर शब्द लांबतात, म्हणून कडेला जागा सोडा.

ग्नूप्लॉट या आलेखाच्या प्रोग्रॅमचं पीएनजीकैरो टर्मिनल (पीएनजी चित्र काढणारा भाग) मात्र पँगो या जुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरकडून मजकूर मांडून घेतं, त्यामुळे देवनागरी आणि कन्नड दोन्ही नीट येतात. दर महिन्याला तोच आलेख काढायचा असेल तर माझी पसंती यालाच. एखाददुसऱ्या आलेखासाठी लिब्रेऑफिस कॅल्क पुरेसं आहे.

एसव्हीजी कितीही मोठं केलं तरी धारदार राहतं, पण संकेतस्थळं चालवणारं वर्डप्रेस वेगळी सोय केल्याशिवाय ते स्वीकारत नाही. शिवाय धरणाच्या पातळीची दर १५ मिनिटांची नोंद म्हणजे वर्षाला ३५,०४० बिंदू. ते सुटे ठिपके म्हणून काढले तर फाइल काही एमबींची होते आणि साधा मोबाइल अडखळतो. तिथे पीएनजी घ्या. जेपीईजी फोटोसाठी ठेवा. ते चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळतं, त्यामुळे रेघांभोवती धूसर डाग उमटतात, आणि रंगाची माहिती सहसा आणखी कमी ठेवतं, म्हणून पांढऱ्यावरची बारीक लाल रेघ फिकटते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं पीएनजीसुद्धा असंच आवळलं जातं. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मापाचा हिशेब बहुतेकांचा इथे चुकतो. ८ इंच रुंद आणि १५० डीपीआय (एका इंचातले पिक्सेल) म्हणजे १२०० पिक्सेल. ४ इंच आणि ३०० डीपीआय म्हणजेही १२०० पिक्सेल. पण मोबाइलचा पडदा जेमतेम अडीच इंच रुंद. पहिल्या चित्रातलं १२ पॉइंटचं अक्षर तिथे पावणेचार पॉइंटचं होतं, दुसऱ्यातलं साडेसात पॉइंटचं. म्हणून कागद लहान घ्या, डीपीआय वाढवा.

मलप्रभेच्या उगमाजवळचं कणकुंबी आणि कोरडं अथणी एकाच अक्षावर ठेवलं तर अथणीची रेघ तळाला चिकटते. लॉग अक्ष (दर पायरीला ठरावीक पट वाढणारा) इथे चालत नाही, कारण कोरड्या दिवसाच्या शून्याला लॉग नसतो. वर-खाली दोन चौकटी करा आणि दोन्हींचं प्रमाण वेगळं आहे हे ठळक लिहा.

आलेखाशेजारी आकड्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) हवीच. चित्रावरून आकडे मोजत बसायची वेळ वाचणाऱ्यावर येऊ नये. तारीख २०१९-०८-०५ अशी, वर्ष आधी. सकाळी साडेआठची नोंद मागच्या २४ तासांची असते, हे स्तंभाच्या नावातच घाला. पाऊस नव्हता तर ०, नोंदच नसेल तर रिकामा रकाना. पर्जन्यमापक शाळेत असेल आणि रविवारी शाळा बंद म्हणून सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकत्र मोजलं असेल तर शेरा लिहा, नाहीतर तो सोमवार खोटा अतिवृष्टीचा दिवस ठरतो. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात, बॉमसह (तो संकेत ओळखू यावा म्हणून फाइलच्या सुरुवातीला असणारी खूण) साठवा. बॉम नसेल तर एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर ‘जांबोटी’ अशा गावाच्या नावाच्या जागी बहुधा निरर्थक चिन्हं दिसतात.