पेटीतली ओल

शिकागोच्या जानेवारीत घरातली हवा कोरडी का पडते, याचा हिशेब साधा आहे. बाहेर उणे १० अंश सेल्सियस तापमान असताना हवामानखात्याने आर्द्रता ८० टक्के सांगितली, तरी त्या गारठलेल्या हवेत पाण्याची वाफ मुळात नावापुरतीच असते. तीच हवा दारांखिडक्यांच्या फटींतून आत शिरून घर तापवणाऱ्या फर्नेसच्या कृपेने २१ अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला वाटा, १० टक्क्यांच्याही खाली येते. माणसांचे श्वास, स्वयंपाक आणि गरम पाण्याच्या आंघोळी यांमुळे प्रत्यक्षात आकडा वीस-पंचवीसच्या घरात राहतो खरा, पण तेवढ्यावर भागत नाही. ओठ फुटतात, आणि स्वेटर काढताना अंधारात ठिणग्या उडतात. अशा खोलीच्या कोपऱ्यात सिगारांची लाकडी पेटी, म्हणजे ह्युमिडोर, ठेवायची आणि तिच्या पोटात मात्र ६५ ते ७० टक्के आर्द्रता महिनोन्‌महिने टिकावी अशी अपेक्षा धरायची, हा भौतिकशास्त्राशी मांडलेला उघड हट्ट आहे.

सिगार ओढणे प्रकृतीला अपायकारक आहे, हे मला ठाऊक आहे आणि आमच्या डॉक्टरांना तर त्याहून अधिक. त्यामुळेच की काय, ओढण्यापेक्षा त्यांची निगा राखण्यात माझा अधिक वेळ जातो. ओल राखलेला सिगार दोन बोटांत हलकेच दाबला तर किंचित दबतो आणि बोटे सोडली की पूर्ववत होतो. कोरडा पडलेला सिगार कानाशी धरून दाबला तर चुरचुर ऐकू येते, आणि वरचे गुंडाळलेले पान, जे आधीच कागदासारखे पातळ असते, पेटवायच्या टोकाकडून पापुद्र्यांनी सुटू लागते. असा सिगार भराभर आणि तापून जळतो, आणि त्याचा धूर जिभेला झोंबतो. बरे, त्याला एकदम ओलाव्यात नेऊन ठेवले तर बाहेरचे पान आतल्या तंबाखूच्या आधी फुगते किंवा आतला तंबाखू फुगून बाहेरचे पान फाडतो. म्हणून त्याला आधी ६२ टक्क्यांत, मग ६५ टक्क्यांत असे काही आठवडे घेऊन सावकाश परत आणावे लागते, आणि तरीही उडून गेलेली सुगंधी तेले परत येत नाहीतच.

ह्युमिडोरच्या आतले अस्तर बहुधा सेड्रेला ओडोराटा या मध्य अमेरिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या झाडाच्या लाकडाचे असते. हे झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. आपण धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालतो, तशीच या लाकडाच्या उग्र, गोडसर वासाचीही किडीला दूर ठेवण्याबद्दल ख्याती आहे. पण हिवाळ्यात त्याचा खरा गुण निराळाच असतो: ते पाणी साठवते. पंचवीस टक्के आर्द्रतेच्या हवेत मुरलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी असते, तर सत्तर टक्क्यांच्या हवेत सुमारे १३ टक्के. याचा अर्थ, कोरड्या पेटीच्या आत किलोभर लाकूड असेल तर सिगारांना काही मिळण्याआधी ते लाकूडच सत्तर-ऐंशी ग्रॅम पाणी पिऊन टाकते, आणि पाणी दुसरीकडून मिळाले नाही तर सिगारांमधून ओढून घेते. नवी पेटी म्हणूनच आधी रिकामी ठेवून तयार करतात. हवा ८४ टक्के आर्द्रतेवर आणणाऱ्या पुड्या (त्यांच्याविषयी पुढे) आत ठेवून दोन आठवडे झाकण बंद ठेवणे हा त्यातला सर्वांत निर्धोक मार्ग. ओल्या फडक्याने आतले लाकूड पुसून काढण्याची घाईची रीत अजूनही सांगितली जाते, पण तिने फळ्या वाकण्याची भीती राहते.

हे एकदा ध्यानात आले की हिवाळ्यातल्या पुष्कळ काळज्या अनाठायी वाटू लागतात. झाकण उघडले की आतल्या आर्द्रतामापकाचा काटा धाडकन खाली येतो आणि माणूस घाबरून झाकण पुन्हा लावतो. प्रत्यक्षात दहा लिटरच्या पेटीतल्या सगळ्या हवेत मिळून पाण्याची वाफ जेमतेम ०.१२ ग्रॅम असते, म्हणजे दोन-तीन थेंब. ती सगळी उडाली तरी लाकूड आणि तंबाखू ती तूट चुकती करतात. खरा घात करते ती अहोरात्र चालणारी गळती. हिवाळ्यात पेटीच्या फळ्यांचा बाहेरचा पृष्ठभाग कोरड्या हवेला लागून आकसतो, आतला ओलाव्याने फुगलेला राहतो, झाकण किंचित वाकते आणि कडेला केसाएवढी फट पडते. फटीतून ओल गेली की लाकूड आणखी सुकते आणि फट आणखी वाढते. फट शोधायची असेल तर रात्री दिवे मालवून पेटीत पेटता टॉर्च ठेवावा आणि झाकण लावून कडांनी पाहावे. उजेडाची रेघ दिसली, तर कितीही पाणी घातले तरी ते त्या रेघेवाटे निघून जाणार, हे समजावे.

आता मापकाविषयी. १७८३ मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. ओलाव्याने केस लांबतो, हे त्याचे मर्म. आजच्या पेट्यांच्या झाकणात बसवलेल्या पितळी चकत्या दिसायला त्याच घराण्यातल्या वाटतात, पण त्यांतल्या कित्येक बिनदिक्कत दहा-दहा टक्क्यांनी खोटे बोलतात. त्यांना खरे बोलायला लावणारी वस्तू स्वयंपाकघरातच असते. पावसाळ्यात मुंबईकोकणात मिठाला पाणी सुटते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. शुद्ध मिठाच्या बाबतीत पाणी सुटण्याची ही सीमा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर असते, आणि घरातल्या तापमानाच्या चढउताराने ती जवळजवळ हलत नाही. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूइतपत होईल एवढेच पाणी घालायचे आणि ते मापकासह झिप असलेल्या पिशवीत रात्रभर बंद करून ठेवायचे. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा त्याच सीमेवर स्थिरावते, म्हणून सकाळी मापकाने ७५ दाखवले पाहिजे. ६९ दाखवले तर तो सहा टक्क्यांनी कमी दाखवतो, एवढे कागदावर लिहून पेटीच्या तळाशी चिकटवले की काम झाले.

पाणी पुरवण्याचे जुने साधन म्हणजे हिरवा फोम आणि त्यावर डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रे बुजतात. मला त्याचा भरवसा वाटत नाही, कारण तो देतो पण घेत नाही. बोवेडा या कंपनीच्या पुड्यांसारख्या आर्द्रता-पुड्यांत क्षाराचे संपृक्त द्रावण वाफ जाऊ देणाऱ्या पडद्यामागे भरलेले असते, आणि ते ओल कमी झाली की सोडते, जास्त झाली की शोषते. मिठाच्या चाचणीमागचे तत्त्वच येथे नोकरीला लावलेले आहे. पंचवीस सिगारांच्या जागेमागे ६० ग्रॅमची एक पुडी, हे प्रमाण हिवाळ्यात किमान समजावे. पुडी बोटांना कडक लागू लागली की ती संपली.

पेटी फर्नेसच्या झोतापासून दूर असावी हे कोणीही सांगेल, पण ती बाहेरच्या भिंतीला टेकवूनही ठेवू नये, कारण गार भिंतीकडच्या बाजूला तीच ओल दाटून बुरशी धरू शकते. आतली भिंत, सावलीचा कोनाडा आणि भरलेली पेटी, हे उत्तम. अर्धी रिकामी पेटी भरलेल्या पेटीपेक्षा लवकर डळमळते.

आमचे मेहुणे या सगळ्या खटाटोपाला हसतात. त्यांचे सिगार रबरी कडेच्या, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात एकाच पुडीवर अख्खा हिवाळा सुखाने काढतात, आणि मापक न पाहताही त्यांचे बरे चालते. ओल राखण्यापुरते पाहिले तर प्लॅस्टिक लाकडापेक्षा सरस आहे, हे मी त्यांच्यासमोरही मान्य करतो. फक्त त्यात सिगारांना लाकडाचा वास लागत नाही, ही त्यांची स्वतःचीच तक्रार होती, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी यंदा डब्याच्या तळाशी सेड्रेलाची एक फळी घातली आहे.