सरगाठ

अमृतमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी माझ्या कारखान्यात कटिंगच्या टेबलापाशी उभा होतो. कापडाचे चाळीस थर लावून झाले होते, मास्तर मशीन चालवणार एवढ्यात पोरानं पाकीट हातात दिलं. वर शाळेचा शिक्का बघितला आणि मास्तरांना म्हटलं, दहा मिनिटं थांबा. ‘शाळेविषयी आपले मनोगत पाठवावे,’ असं आत लिहिलं होतं. माझी शाळा इतिहासाच्या बाईंपासून सुरू होते आणि बाईंपाशीच संपते. पी.टी.चे सर, पिंपळाखालचा नळ, पावसात मोठ्या हॉलमध्ये ठेवलेल्या बादल्या यांच्याविषयी बाकीचे लिहितीलच. मी बाईंविषयी लिहितो.

नाव लिहायची गरज नाही. त्या काळात शाळेत असलेल्या कुणालाही ‘इतिहासाच्या बाई’ म्हटलं की पुरे. बारीक काठाची सुती इरकल, खांद्याला पिन, हातात खडूचा पत्र्याचा डबा.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, नाना गिरणीत, आई विड्या वळायची. आठवीत आलो तेव्हा माझं मराठी इतकं कच्चं होतं की वर्गात तोंड उघडायची भीती वाटे. पहिल्याच तासाला बाईंनी पुस्तक उघडलं नाही. आमच्या गणवेशाकडे बोट दाखवून विचारलं, “सदरा कुठल्या कापडाचा आहे?” सगळे गप्प. मला ठाऊक होतं, कारण आमच्या घरी कापडाशिवाय दुसरा विषयच नव्हता. मी हळूच म्हटलं, “मांजरपाट.” बाई म्हणाल्या, “मोठ्यानं सांग. या वर्गात कापडातलं तुझ्याएवढं कुणाला कळत नाही.” त्या दिवसापासून इतिहासाच्या तासाला माझा हात खाली राहिला नाही.

मग चड्डीवर आल्या. खाक म्हणजे फारसीत धूळ. १८४०च्या दशकात पेशावरकडे लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या तुकडीचे कपडे मातकट रंगात रंगवून घेतले, म्हणजे डोंगरात शिपाई लांबून ओळखू येऊ नयेत. पुढे तो रंग फौजेचा झाला, पोलिसांचा झाला, पोस्टमनचा झाला आणि सोलापुरातल्या आठवी ब पर्यंत आला. “पेशावरची धूळ नेसून बसलाय सगळे,” बाई म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी खाली वाकून आपापल्या चड्ड्यांकडे बघितलं.

पुस्तकात लढाया आणि तह होते. ते बाई शिकवायच्याच, पण त्यांचा इतिहास कापडाच्या टोकापासून सुरू व्हायचा. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, मंजिष्ठेनं रंगवलेला. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कापूस कातला, विणला, वर रंगवलासुद्धा. आमची सहल बाईंनी तेरला नेली. सगळ्यांना तुळजापूर हवं होतं, तिथं वाटेत थांबलो. पण मुक्कामाचं ठिकाण तेर. हेच जुनं तगर, आणि पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत लिहिलंय की इथून साधं सुती कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायची, तिथून जहाजानं पुढे. “सोलापूरचं कापड परदेशी जातं याचं कौतुक करता ना,” बाई म्हणाल्या, “दोन हजार वर्षांपूर्वी शेजारच्या गावातून जात होतं.”

मुघल दरबाराची चित्रं दाखवताना बाई चेहऱ्यावर बोट ठेवत नसत, बगलेवर ठेवत. जाम्याची, म्हणजे त्या काळच्या घेरदार अंगरख्याची, गाठ उजव्या बगलेत असेल तर तो सरदार मुसलमान, डाव्या बगलेत असेल तर हिंदू. नाव लिहिलेलं नसलं तरी गाठ सांगते. अकबराला कपड्यांची इतकी हौस की त्यानं त्यांची नावं बदलून घेतली. ‘ऐन-इ-अकबरी’त शालीला परमनर्म आणि जोड्यांना चरणधारण असे शब्द दिलेत. आमच्या वर्गात मग वर्षभर चपला हरवल्या तरी ‘चरणधारण हरवलं’ असंच म्हणायचे.

आम्ही आठवीत होतो तेव्हा बेलबॉटमची लाट होती. वरच्या वर्गातली मुलं शाळा सुटल्यावर घरी जाऊन आधी ती पँट चढवायची. दुसरे सर चिडायचे. बाईंनी फळ्यावर एक वाकडीतिकडी रेघ काढली, वर जाणारी, खाली येणारी. हा घेराचा इतिहास. अकबराच्या वेळी जामा गुडघ्यापर्यंत होता, अठराव्या शतकात तो घोट्याला टेकला आणि त्याचा घेर भोवऱ्यासारखा फुलला. युरोपात १८५६च्या सुमारास बायकांच्या झग्याखाली पोलादी कड्यांचा पिंजराच आला, त्या घेरानं दारातून जाणं मुश्कील. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात कपड्यांना कूपन लागली, तेव्हा घेर आवळला. युद्ध संपल्यावर १९४७ साली पॅरिसच्या डिऑर नावाच्या ड्रेस डिझायनरनं कित्येक वार कापडाचे घागरे पुन्हा आणले. बाई म्हणायच्या, घेर दिसला की दोन गोष्टी विचारायच्या: कापड स्वस्त झालंय का, आणि कोण कुणाला दाखवतंय की मला एवढं उधळायला परवडतं? हे वाक्य मी धंद्यात शंभरदा वापरलंय, आणि एकदाही ते चुकलेलं नाही.

छिटाचा धडा मात्र घरी पोचला. आपल्याकडचं छापील सुती कापड युरोपला इतकं आवडलं की तिथल्या विणकरांचं पोट अडलं. फ्रान्सनं १६८६ साली त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडनं आधी आयात रोखली, मग १७२१ साली कायदा करून छापील सुती कापड अंगावर घालायलाच मनाई केली. त्याआधी १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी भर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छिटाचे झगे फाडले होते. मी हे रात्री जेवताना अभिमानानं नानांना सांगितलं. मला वाटलं, ते खूश होतील. नानांनी घास ताटात ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, “फाडणारे पण विणकरच होते ना?” दुसऱ्या दिवशी मी बाईंना नानांचा प्रश्न सांगितला. बाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, “तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. हा प्रश्न मला सुचला नव्हता.” पुढच्या तासाला त्यांनी तोच धडा पुन्हा शिकवला. पुढे मँचेस्टरच्या यंत्रांनी स्वस्त कापड काढलं आणि तोच फास आपल्या विणकरांच्या गळ्याला लागला. या वेळी सुरुवात नानांच्या प्रश्नापासून. गिरणीतल्या माणसाचा प्रश्न शाळेच्या फळ्यावर! नानांना मी हे सांगितलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्या रविवारी त्यांनी बाईंसाठी एक टॉवेल माझ्याबरोबर पाठवला.

महाडचा तासही आठवतो. १९२७च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी तिथं जमलेल्या बायकांना सांगितलं होतं की लुगडं गुडघ्यावर नेसू नका, घोट्यापर्यंत नेसा. अंगावर ओळख पटवणारे कथलाचे दागिने टाकून द्या. नेसण्याच्या पद्धतीवरून माणसाची जात दिसावी, ही सक्तीच होती. बाईंनी हे फार हळू आवाजात सांगितलं. वर्गातल्या एका मुलीनं दुसऱ्या दिवशी आजीला शाळेत आणलं, आणि त्या आजींनी स्वतः उभं राहून दाखवलं की त्यांच्या आईला लुगडं कुठवर नेसू द्यायचे. मला वाटतं, त्या दिवशी वर्गाला फॅशन या शब्दाचा अर्थ कळला. आपल्याच गावात १९३०च्या मार्शल लॉमध्ये गांधी टोपी डोक्यावर असणं म्हणजे मार ओढवून घेणं होतं, हे मग वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो.

नववीचं स्नेहसंमेलन. सिंहगडावरचं नाटक, म्हणजे १६७० साल. मी मावळा, एकच वाक्य. आईनं नानांचं जुनं धोतर देऊन शेजारच्या शिंप्याकडून बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी बांधायचा अंगरखा, शिवून आणली. त्यानं सोय म्हणून आतून टिचबटणं लावली आणि वर शोभेचे बंद टाचून दिले. रंगीत तालमीला बाईंनी माझ्या छातीवर हात ठेवला, टक्क असा आवाज आला. त्यांनी बघितलं. रागावल्या नाहीत. “काढ अंगातून,” एवढंच म्हणाल्या.

स्टेजच्या पायरीवर बसून त्यांनी ब्लेडनं टिचबटणं एकेक उसवली, धागा ओढून कापडाला भोक पडू नये म्हणून जपून. मग उरलेल्या कापडाच्या पट्ट्या फाडल्या, दुमडल्या, शिवल्या. बारा बंद. सहा वाजले, सात वाजले, शिपाई दिवे घालवायला आला तर त्याला थांबवलं. मी समोर उघडा बसलेलो, डिसेंबरची थंडी, म्हणून त्यांनी आपली शाल माझ्या अंगावर टाकली. शिवून झाल्यावर मला उभं करून गाठ शिकवली. “सरगाठ मार, निरगाठ नको. दमून आलेल्या माणसाला एका ओढीत सुटली पाहिजे.” आतली बाजू आधी, मग वरची. माझी बोटं चुकायची, त्या पुन्हा सोडायच्या. सहावी गाठ जमली तेव्हा साडेसात झाले होते. टिचबटणाचं पेटंट १८८५चं, जर्मनीतलं, हे मी धंद्यात आल्यावर शोधून काढलं. म्हणजे बाईंनी त्या संध्याकाळी दोनशे पंधरा वर्षांची चूक दुरुस्त केली.

आज माझा गणवेशांचा कारखाना आहे. बावन्न मशीन, काज-बटणाचं खातं वेगळं, माल केरळपर्यंत जातो. सोलापूरच्या चादरीला नाव होतंच, आता गणवेशालाही आहे, आणि त्यात माझा थोडा हात आहे याचा मला आनंद आहे. पण एक गोष्ट मनाला लागते. आता कापडात पॉलिस्टर जास्त. सोलापूरच्या जूनमध्ये लेकरं त्यात उकडून निघतात. सुती द्या म्हटलं तर चुरगळतं म्हणतात. काही शाळा दर दोन वर्षांनी चेक्स बदलतात, म्हणजे थोरल्याचा सदरा धाकट्याला चालत नाही. माझा तर त्यात फायदाच आहे, तरी मी दर वेळी मुख्याध्यापकांना विनंती करतो की रंग ठेवा. आपल्या शाळेतही खाकी गेली, करडा रंग आला, टाय आला. बाई असत्या तर त्यांनी आधी टायचा इतिहास सांगितला असता.

दर डिसेंबरात मात्र दोन मशीन फक्त पांढऱ्या कापडावर चालतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जानेवारीतल्या जत्रेला, नंदीध्वजाच्या मानकऱ्यांना आणि भक्तांना बाराबंदी लागते. जगात कुठं कुणी ती रोज घालत नसेल, आपल्या गावात जानेवारीत रस्ते तिनं पांढरे होतात. दोन वर्षांपूर्वी एक तरुण आला, म्हणाला, वेल्क्रो लावून द्या, घाईत बरं पडतं. मी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि सरगाठ शिकवली. वीस मिनिटं लागली. यंदा तो धाकट्या भावाला घेऊन आला.

हे बाईंना सांगायचं राहिलं. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे राहायला गेल्या होत्या. दर दिवाळीला जाऊ म्हणायचो, दर दिवाळीला ऑर्डर असायची. बातमी कळली तेव्हा महिना उलटून गेला होता.

नववीतली ती बाराबंदी माझ्याकडे आहे. अमृतमहोत्सवाच्या दिवशी ती मी शाळेला देणार आहे, मोठ्या हॉलमधल्या काचेच्या कपाटासाठी. कपाट सांभाळणाऱ्यांना एवढीच विनंती: ती हँगरवर टांगू नका, जुनं सूत खांद्याला ओघळतं. पांढऱ्या धुवट कापडात सैल गुंडाळून आडवी ठेवा, कडुलिंबाचा पाला घाला, डांबरगोळ्या नकोत. डावीकडचा चौथा बंद उसवलाय. तो शिवू नका, तिथं बाईंच्या हातचा टाका दिसतो.