शॉवरचा पंप घरीच दुरुस्त केला : माझा अनुभव

कोथरूडच्या जुन्या सोसायटीत आम्ही सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर राहतो. टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात येत असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर उलट असतं. नळाला येणारा दाब वरच्या पाण्याच्या उंचीवर ठरतो, दहा मीटरला साधारण एक बार. आमच्या शॉवरपासून टाकीचा तळ जेमतेम अडीच मीटरवर, म्हणजे पाव बार. तळमजल्यावर जे फुकट मिळतं त्यासाठी आम्हाला बाथरूमच्या माळ्यावर छोटा प्रेशर पंप बसवावा लागला.

हा पंप आमच्याकडे चैनीचा नाही. खांद्याच्या ऑपरेशननंतर आईला तांब्या उचलून अंगावर पाणी घेता येत नाही. ती स्टुलावर बसून शॉवरखाली अंघोळ करते. त्यामुळे शॉवरमधून पाणी नुसतं ठिबकायला लागलं तेव्हा काम पुढे ढकलणं शक्यच नव्हतं. प्लंबर आला, खालूनच पंपाचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "पंप गेलाय ताई, नवीनच टाका." माळ्यावर न चढता दिलेला हा निकाल मला पटला नाही. काय बिघडलंय ते कळल्याशिवाय नवीन पंपाला पैसे द्यायचे नाहीत, असं मी ठरवलं.

आधी मोजून पाहिलं. बादलीचा नळ पूर्ण सोडला की पंप बहुतेक वेळा सुरू व्हायचा. शॉवर सोडला की अजिबात नाही. या एका फरकातच अर्धं उत्तर होतं. अशा पंपात फ्लो स्विच असतो. आत प्लास्टिकच्या तुकड्यात बसवलेलं लोहचुंबक पाण्याच्या प्रवाहाने वर ढकललं जातं, बाहेरच्या कोरड्या भागातला स्विच त्याने जुळतो आणि मोटर चालू होते. त्यासाठी मिनिटाला दोनेक लिटर तरी पाणी वाहावं लागतं. मी शॉवरखाली लिटरचं भांडं धरलं, ते भरायला चाळीस सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला दीड लिटर! शॉवरच इतका तुंबला होता की कुणी अंघोळ करतंय हे पंपाला कळतच नव्हतं.

पण बादलीचा नळ सोडल्यावरही कधी कधी पंप नुसता घूं करायचा, फिरायचा नाही. तो बिघाड वेगळा होता.

शॉवर काढताना पान्ह्याखाली जाड फडकं गुंडाळलं, नाहीतर क्रोमवर ओरखडे पडतात. आतून पाहिलं तर भोकांभोवती पांढरा, टणक थर. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी टाकीत पडतं, ते जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. खडकवासला धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्याने इतके क्षार साचत नाहीत. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून शॉवर त्यात बुडवला. लगेच बुडबुडे यायला लागले. क्षार विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे ते बुडबुडे. दोन तासांनी जुन्या टूथब्रशने घासला, उरलेली भोकं सुईने मोकळी केली. फरशीचं ॲसिड मात्र यासाठी वापरू नका, क्रोमचा मुलामा जातो.

मग माळ्यावर गेले. त्याआधी पंपाचा प्लग काढला, गीझर बंद केला आणि गच्चीवरचा आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह फिरवला. गीझर बंद करायला विसरू नका. त्याला पाणी मिळत नसताना कॉइल तापू देणं धोक्याचं आहे.

पंपाच्या आधी एक गाळणी आहे. तिच्या जाळीत बारीक रेती आणि गंजाचे कण घट्ट बसले होते. पुणेकरांना हे ओळखीचं आहे. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि 'शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने', ही ओळ आपल्याला पाठ असते. रिकाम्या झालेल्या पाइपांत पुन्हा पाणी आलं की आतला गाळ सुटून टाकीत येतो. फ्लो स्विचमध्ये तर गंज थेट चुंबकालाच चिकटला होता, त्यामुळे तो तुकडा अडखळत वर-खाली व्हायचा. कापडाने पुसून, ब्रशने घासून तो इतका मोकळा केला की बोटाने ढकलला तरी आपोआप खाली पडावा.

आता घूं आवाजाचा प्रश्न. पंपावर ऑटो-मॅन्युअल असा खटका होता. मॅन्युअलवर फ्लो स्विच बाजूला पडतो आणि मोटर सरळ चालते. गाळणी बसवून, पाणी सोडून तसं चालवून पाहिलं, तरी घूं. मग दोष मोटरकडेच. पुन्हा प्लग काढला. पाठीमागचा मधला मोठा स्क्रू उघडला, चार थेंब पाणी आलं. या पंपांत रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, पाण्यातच असतो, त्यामुळे ते येणारच. मोटरच्या दांड्याच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवलं. दांडा हलका फिरला. म्हणजे जॅम नव्हता, राहिला मोटरला सुरुवातीचा रेटा देणारा कपॅसिटर.

कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याच्या टोकांना चाळीस वॅटच्या बल्बच्या वायरी टेकवल्या. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहू शकते. वर छापलं होतं ४ मायक्रोफॅरड (हे त्याच्या क्षमतेचं माप), ४५० व्होल्ट. मल्टिमीटरने दाखवलं १.६. म्हणजे तो निम्म्याहून जास्त संपलेला! तपकीर गल्लीत, पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, दुकानदाराने आधी जुना मागून घेतला. "नुसते मायक्रोफॅरड सांगू नका, व्होल्ट बघायला हवेत," म्हणाला. त्याचं बरोबर होतं. कमी व्होल्टचा कपॅसिटर टिकत नाही, आणि घरात पडलेला पंख्याचा अडीचचा लावणं तर चुकीचंच. नवीन कपॅसिटर शंभर रुपयांच्या आत आला.

जोडणी करताना टेफ्लॉन टेप आटे आवळायच्या दिशेनेच गुंडाळली, उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटत जाते. पाणी सोडल्यावर पंपाचा प्लग लगेच लावला नाही. आधी बादलीचा नळ उघडून पाइपमधली हवा जाऊ दिली, कारण या पंपाच्या बेअरिंगला पाण्याचंच वंगण मिळतं. कोरडा फिरला की ते झिजतं.

शॉवरला आता मिनिटाला आठ लिटर पाणी येतं. आईची अंघोळ चार मिनिटांत होते, म्हणजे ३२ लिटर, दीड बादलीच्या आसपास. तिला पूर्ण जोर नको असतो, ती कॉक थोडा कमी करून बसते. गाळणी आता मी शनिवारी उघडून धुते.

हे सगळं गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या लाइनवरचं काम आहे. महापालिकेच्या नळाला थेट मोटर लावायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, कारण आपण ओढलेलं पाणी शेजाऱ्याच्या वाट्याचं असतं.

माळ्यावरच्या प्लगला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नव्हता, हे याच कामात लक्षात आलं. ओल्या जागेतल्या पंपाला ३० मिलिॲम्पियरचा ईएलसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. ते मात्र मी स्वतः केलं नाही. परवानाधारक वायरमनला बोलावलं, त्याने बोर्ड बदलला, अर्थिंग तपासलं, आणि टेस्टचं बटण दाबून वीज तुटते का ते माझ्यासमोर दाखवलं. त्यानंतरच आईला शॉवर वापरायला दिला.