व्हॅन-लॉग: मेन फ्यूज बसला, आता रिकॉलची वही

बॅटरीच्या बाजूचं काम एकदाचं मार्गी लागलं. पीथमपूरला बनलेल्या आपल्या जुन्या फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनची मी घरीच राहण्याजोगी गाडी करतोय; तिच्यात 12.8 व्होल्टची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी मागच्या बाकाखाली घट्ट आवळली आहे. तिच्या प्लसपासून वीतभर अंतरावर 125 अँपिअरचा क्लास-टी (मोठा शॉर्ट-सर्किट प्रवाह तोडणारा) फ्यूज, पुढे आयसोलेटर (बॅटरी तोडणारा मुख्य स्विच) आणि मग बसबार (सगळ्या वायरी जोडायची धातूची पट्टी). इन्व्हर्टर (बॅटरीपासून 230 व्होल्ट एसी देणारा) 1000 वॅटचा आहे, म्हणजे पूर्ण लोडवर 12 व्होल्टच्या बाजूने 90-95 अँपिअर खेचणार. त्यासाठी 25 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली आणि लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतले. 100 अँपिअर वाहत असताना सांध्यात 5 मिलिओहम जरी रोध राहिला, तरी तिथे 50 वॅट उष्णता तयार होते. प्लायवूडच्या कप्प्यात ती कुठे जाणार?

फ्यूजसाठी इंदूरच्या महारानी रोडवर हिंडलो तेव्हा एका दुकानात ऐकलं, "भिया, एमसीबी तो एमसीबी है, डीसी पे भी चल जाएगी." कृपा करून हे ऐकू नका; एमसीबी म्हणजे घरातल्या बोर्डावरचा, जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच. घरातला एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून एमसीबी उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीला असा शून्य नसतो, ठिणगी तशीच जळत राहू शकते. त्यात लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की हजारो अँपिअर ओतते. क्लास-टी 20,000 अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकतो, म्हणून महाग असला तरी तोच लावला.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत मोटरहोमचे (राहण्याजोग्या गाड्यांचे) रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने माल परत बोलावणं, एनएचटीएसए या रस्ते-सुरक्षा संस्थेकडे नोंदले जातात. विजेशी संबंधित नोटिसा सलग वाचत गेलो तर कारणं फार ओळखीची निघाली: सैल राहिलेला स्क्रू, फ्यूजशिवाय सोडलेली वायर, लोडच्या मानाने बारीक केबल, तापणारा ट्रान्स्फर स्विच (बाहेरची वीज आणि इन्व्हर्टर यांत अदलाबदल करणारा). यातली बरीच कारणं जोडणीतली आहेत, आणि आपण घरी करतो ती जोडणीच. काही दोष मात्र सुट्या उपकरणातच असतात. 1997 ते 2003 या काळात बनलेले डोमेटिकचे फ्रिज 2006 मध्ये परत बोलावले गेले, तेही नऊ लाखांहून जास्त. बॉयलरच्या नळीला तडा जाऊन आग लागण्याचा धोका होता. ते फ्रिज कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसवलेले होते.

आपल्याकडे 1 एप्रिल 2021 पासून वाहन-रिकॉलचे नियम लागू आहेत आणि तक्रारीसाठी वाहनवर पोर्टलही आहे. पण ही व्यवस्था चालते चॅसिस नंबरावर. ट्रॅव्हलरच्या मूळ वायरिंगमध्ये खोट निघाली तर कंपनी मला शोधू शकेल. मी बसवलेला डीसी-डीसी चार्जर (गाडी चालू असताना तिच्या विजेवर ही बॅटरी भरणारा), सोलर कंट्रोलर, इन्व्हर्टर यांचा त्या नंबराशी काही संबंधच नाही. कुरिअरने मागवलेल्या चार्जरची बॅच उद्या सदोष ठरली तर निरोप येणार कुणाकडे?

म्हणून वही सुरू केली. प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर, सीरियल, बॅच, खरेदीची तारीख, दुकानाचं बिल, आणि ती गाडीत नेमकी कुठे आहे. इन्व्हर्टरवरचा आर-नंबर (बीआयएस या भारतीय मानक संस्थेचा नोंदणी क्रमांक) बीआयएस केअर ॲपवर तपासून पाहिला. ज्या वस्तूंसाठी कंपनीच्या साइटवर नोंदणी करता येते, ती केली. सीरियलच्या पट्टीचा फोटोही घेतला, कारण उपकरण एकदा बसलं की पट्टी नेमकी भिंतीकडे जाते.

उद्या परत द्यावा लागला तर सहज काढता यावा म्हणून डीसी-डीसी चार्जरची जागाही बदलली. आधीच्या आराखड्यात तो पाण्याच्या टाकीमागे होता, आता दाराजवळ आहे: चार स्क्रू काढले की हातात येतो आणि त्याला हवाही मिळते. इंदूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या आतलं तापमान बघता हवा महत्त्वाचीच; बॅटरीच्या तापमानाकडेही लक्ष हवं, कारण बऱ्याच एलएफपी बॅटऱ्यांना 45 अंशांच्या वर चार्जिंग चालत नाही.

वही चालवणाऱ्यांनी आपले रकाने जरूर कळवा, विशेषतः बॅटरीच्या आतल्या सेलची बॅच कशी नोंदवता ते. माझ्याकडे बॅटरीच्या केसवर फक्त पॅकचा सीरियल आहे, आतल्या सेलचा पत्ता नाही, आणि केस उघडली तर वॉरंटी जाते. विक्रेत्याकडे लेखी विचारणा केली आहे. तोवर बाहेरून 230 व्होल्ट घेण्याचा इनलेट, आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल-अर्थ बाँड (न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी) हाती घेतोय. बाँड नसेल तर इन्व्हर्टरवर चालताना आरसीसीबी ट्रिप होईलच असं नाही, त्यामुळे ती चाचणी झाल्याशिवाय प्लग-पॉइंट जोडणार नाही.